गिटारचा टोन : आवड आणि निवड

विद्युत गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज एक चमत्कारिक अडचण उभी आहे. पूर्वीच्या वादकाला मिळेल तो ॲम्प्लिफायर घ्यावा लागे व त्यातून निघेल त्या आवाजावर समाधान मानावे लागे. आता एखादी छोटी डिजिटल पेटी किंवा संगणकावरील एखादा प्रोग्रॅम घेतला, की शेकडो तयार आवाज हाताशी येतात. या आवाजांना गिटारवादकांच्या भाषेत ‘टोन’ म्हणतात. टोन दुर्मिळ होता तेव्हा वादक तक्रार करीत. तो विपुल झाला तेव्हा ते गोंधळून गेले आहेत. रियाजाला म्हणून बसलेला विद्यार्थी तास दीड तास नुसती बटणे फिरवीत राहतो आणि अखेरीस ज्याच्यापुढे एखाद्या नामांकित वादकाचे नाव छापलेले असते, तो टोन लावून मोकळा होतो.

‘तुम्हांला आवडेल तो टोन निवडा,’ असा सल्ला सर्वत्र मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण त्यात असे गृहीत धरलेले असते की आवड आपल्यापाशी आधीच तयार असते आणि तिला जुळणारी वस्तू तेवढी शोधायची राहिलेली असते. साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक पटणार नाही. वाचल्यावाचून वाङ्मयाची अभिरुची तयार होत नाही. तसेच ऐकल्यावाचून कानाची अभिरुचीही तयार होत नाही. टोनची निवड हा कानाच्या शिक्षणाचा भाग आहे आणि त्या शिक्षणाला एक रीत आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ॲम्प्लिफायर हे वाद्यच आहे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. साध्या गिटारला पोकळ लाकडी पेटी असते, म्हणून तिचा आवाज खोलीभर ऐकू येतो. विद्युत गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. ती नुसती छेडली तर शेजारच्या माणसालाही नीट ऐकू यावयाची नाही. तारांची कंपने चुंबक व तारेची वेटोळी यांनी बनलेला ‘पिकअप’ टिपतो, त्यांचे क्षीण विद्युत्प्रवाहात रूपांतर होते आणि तो प्रवाह ॲम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत जातो. तंबोऱ्याला जो भोपळा, तो विद्युत गिटारला ॲम्प्लिफायर व स्पीकर. म्हणून टोन निवडणे म्हणजे अर्धे वाद्यच निवडणे होय.

यातही स्पीकरचे महत्त्व नवशिक्याला वाटते त्याहून फार मोठे आहे. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२ असतात. घरातला गाणी ऐकण्याचा चांगला स्पीकर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज देऊ शकतो. गिटारचा १२ इंची स्पीकर मात्र साधारण ५,००० च्या पुढे झपाट्याने मंदावतो. हे वैगुण्य उपकारकच ठरते. तारेवरचा खरखरीत, कर्कश अंश तो गाळून टाकतो आणि गोलाई उरते.

दोष की गुण?

जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये रेडिओप्रमाणे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार पडला, की ध्वनिलहरींचे उंच माथे सपाट होऊ लागतात. अभियंत्यांच्या लेखी ही ‘विकृती’ होय आणि ती टाळण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. पण माथे दबले की मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात, स्वर भरदार होतो व अधिक वेळ टिकतो. वादकांना तेच हवेसे वाटू लागले. इंग्लंडमधील ‘किंक्स’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने तर एका छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने फाडून आवाज मुद्दाम खरखरीत केला, आणि १९६४ मधील ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणे त्या खरखरीसाठीच प्रसिद्ध झाले.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा तो दुसरे काय करतो? घोडीचा माथा विशिष्ट उतार देऊन घासला जातो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवला जातो. त्यामुळे तार घोडीला हलकेच स्पर्श करीत कंप पावते आणि उपस्वरांचा झंकार उठतो. तंबोरा उघडा लावायचा की बंद, याबद्दल गवयागवयांत आवडनिवड असते. गिटारवरील ‘गेन’ नावाचे बटण हे काहीसे या जवारीसारखे आहे. किती झंकार हवा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

मात्र या झंकाराची किंमत मोजावी लागते. दोन स्वर एकत्र वाजवून ते विकृतीतून नेले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा स्वरही उमटतो. ११० कंपनांचा सा आणि १६५ चा पंचम घेतला, तर फरक ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला साच. म्हणून सा-प ही जोडी भरपूर गेनमध्येही भक्कम लागते. पण साबरोबर गंधार घेतला तर काय होते पाहा. नैसर्गिक गंधार १३७.५ कंपनांचा, त्यातून उमटणारा फरक २७.५, म्हणजे दोन सप्तके खालचा सा. परंतु गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसविलेले असल्याने तिचा गंधार सुमारे १३८.६ वर, किंचित चढा असतो. फरक २८.६ येतो व तो चांगलाच बेसूर असतो. जड गेनमध्ये पूर्ण कॉर्ड चिखलासारखा का वाटतो, याचे एक मोठे कारण हे आहे. तेव्हा आपण काय वाजवणार, हे ठरविल्याशिवाय गेन किती हे ठरविता येत नाही.

टोनची घराणी

डिजिटल पेटीत शेकडो नावे असली, तरी त्यांतील बहुतेक तीन-चार घराण्यांतच मोडतात. ही घराणी ओळखता आली की निम्मा गोंधळ संपतो.

पहिले घराणे अमेरिकेचे, फेंडरचे. रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर याने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी नावारूपास आणली. १९६३ मध्ये आलेला तिचा ‘ट्विन रिव्हर्ब’ (८५ वॅट, १२ इंचांचे दोन स्पीकर) हा स्वच्छ टोनचा आदर्श मानला जातो. खर्ज भरीव, वरचे स्वर काचेसारखे लख्ख आणि मधला भाग किंचित खोलगट, अशी त्याची ठेवण आहे.

दुसरे घराणे इंग्लंडमधील व्हॉक्सचे. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे डिक डेनी याने आराखडा केलेला ३० वॅटचा ‘एसी-३०’ हा त्याचा प्रतिनिधी. ‘शॅडोज’ व ‘बीटल्स’ या वाद्यवृंदांनी तो जगभर पोचविला. याच्या आवाजात एक प्रकारची किणकिण असते. थोडा जोर दिला की तो कुरकुरीत फाटतो, पण कॉर्डमधले स्वर वेगवेगळे ऐकू येत राहतात.

तिसरे घराणे मार्शलचे. पश्चिम लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. तेथे १९६२ मध्ये जो पहिला ॲम्प्लिफायर तयार झाला, त्याचा आराखडा फेंडरच्या ‘बासमन’वरून घेतलेला होता. बासमनमध्ये १० इंचांचे चार स्पीकर मागून उघड्या पेटीत असत. मार्शलने १२ इंचांचे चार स्पीकर पूर्ण बंद पेटीत बसविले आणि सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळणारे वापरले. आराखडा जवळजवळ तोच असूनही आवाज मात्र निराळा झाला. तो मधल्या भागात ठासून भरलेला होता आणि रॉक संगीताची ओळख बनला. टोनमध्ये स्पीकर किती बोलतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील रँडॉल स्मिथ याने मेसा-बूगी ॲम्प्लिफायरमध्ये गेनचे टप्पे एकापुढे एक जोडून तो फारच वाढविला. त्याच दशकात, १९७५ मध्ये, जपानच्या रोलँड कंपनीने ‘जेसी-१२०’ आणला. हा ट्रान्झिस्टरचा असून त्याचा स्वच्छ, पसरट आवाज आजही अनेकांना प्रिय आहे.

डिजिटल पेट्यांवर ही नावे सरळ लिहिलेली नसतात, कारण ती दुसऱ्यांच्या मालकीची असतात. त्यांच्या खुणा लक्षात ठेवाव्यात. ‘ट्वीड’ म्हणजे पेटीला ट्वीडचे कापड लावलेला १९५० च्या दशकातला फेंडर. ‘ब्लॅकफेस’ म्हणजे काळ्या पट्टीचा १९६० च्या दशकातला. ‘टॉप बूस्ट’ म्हणजे बहुधा व्हॉक्स. ‘प्लेक्सी’ म्हणजे प्लास्टिकची चकचकीत पट्टी असलेला जुना मार्शल.

डिजिटल पेटी काय करते?

पिकअपकडून आलेल्या प्रवाहाचे ही पेटी सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजमाप घेते व ते आकड्यांत मांडते. मग व्हॉल्व्ह, इतर विद्युत भाग व स्पीकर त्या प्रवाहाचे काय करतील याचे गणित करून ती नवे आकडे काढते आणि त्यांचा पुन्हा आवाज करते. कॅलिफोर्नियातील लाइन सिक्स कंपनीने १९९६ मध्ये या प्रकारचा ॲम्प्लिफायर व १९९८ मध्ये ‘पॉड’ नावाची लहानशी लाल पेटी बाजारात आणली. तेव्हापासून हे तंत्र घरोघर पोचले. २००६ मध्ये ‘ॲक्स-एफएक्स’ आला. २०११ मध्ये जर्मनीच्या केम्परने निराळीच वाट काढली. त्याची पेटी खऱ्या ॲम्प्लिफायरला ठराविक ध्वनी ऐकविते आणि तो काय उत्तर देतो यावरून त्याचे शब्दचित्र काढावे तसे ध्वनिचित्र काढते. अलीकडे हेच काम यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने होऊ लागले असून ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’सारखा प्रोग्रॅम तर विनामूल्य मिळतो.

ही शेवटची गोष्ट आपल्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘महागडा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर नाही, म्हणून माझा टोन चांगला नाही,’ हे कारण आता फारसे टिकणारे नाही. रंगमंचावर मोठ्या ॲम्प्लिफायरसमोर उभे राहून अंगावर घेतलेल्या आवाजाचा अनुभव वेगळा असतो, हे मान्य. पण स्पीकरपुढे मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि चांगल्या डिजिटल पेटीचा आवाज यांतला फरक सांगताना मुरलेल्या कानांचीही फसगत होते. उणीव असलीच तर ती आता यंत्राची कमी आणि निवड करणाऱ्या कानाची जास्त आहे.

निवडीची रीत

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू.

पहिली गोष्ट, तुलना करताना सर्व टोन सारख्या मोठेपणाचे करून घ्यावेत. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा, तोच आपल्याला अधिक चांगला वाटतो. कानाची ही फसगत इतकी सार्वत्रिक आहे की ती टाळल्याखेरीज कोणतीही तुलना विश्वासार्ह होत नाही.

दुसरी गोष्ट, टोन उघडा करून ऐकावा. तयार टोनमध्ये ‘रिव्हर्ब’ म्हणजे मोठ्या दालनातली घुमी आणि ‘डिले’ म्हणजे प्रतिध्वनी भरपूर घातलेला असतो. दुकानात एकट्याने ऐकताना गिऱ्हाईक प्रभावित व्हावे, अशीच त्याची योजना असते. ते दोन्ही बंद करावेत. मसाला काढल्यावर भाजीची चव कळते, तसा मूळ टोन मग कळतो. तो आवडला तरच मसाला परत घालावा.

तिसरी गोष्ट, बटणांआधी स्पीकर निवडावा. वर सांगितलेल्या घराण्यांपैकी एक ॲम्प्लिफायर स्थिर ठेवून त्याला फक्त वेगवेगळे स्पीकर जोडून पाहावेत. ‘ट्रेबल’ फिरवून जो कर्कशपणा तासभर जात नाही, तो पुष्कळदा स्पीकर बदलताच नाहीसा होतो.

चौथी गोष्ट, गेन. आपल्याला पुरेसा वाटेल इतका वाढवावा आणि मग थोडा कमी करावा. कमी गेनमध्ये बोटांचा हलका-भारी आघात वेगळा ऐकू येतो, चुकाही ऐकू येतात. जास्त गेन सगळे आघात सारखे करून टाकतो. शिकणाऱ्याला तो सुखाचा वाटतो, पण त्याच्या हाताचे नुकसान करतो. गिटारवरचे आवाजाचे बटण थोडे उतरविले असता टोन स्वच्छ होतो की नाही, हेही पाहावे. जो टोन हाताला असा प्रतिसाद देतो, तो दीर्घकाळ सोबत करतो.

पाचवी गोष्ट, बेस, मिडल व ट्रेबल ही बटणे. सर्व मध्यावर ठेवली म्हणजे आवाज समतोल झाला, असे अनेकजण समजतात. फेंडरच्या रचनेत तरी तसे नाही. बटणे मध्यावर असतानाही मधले स्वर दबलेलेच असतात. तेथे समतोल हवा असेल तर बेस व ट्रेबल बरेच उतरवून मिडल चढवावा लागतो. व्हॉक्समधील ‘कट’ हे बटण तर वाढविले असता वरचे स्वर कमी करते. म्हणून आकड्यांकडे न पाहता कानाने ठरवावे, आणि एका वेळी एकच बटण फिरवावे.

सहावी गोष्ट, थांबावे. अर्धा तास मोठा आवाज ऐकला की कान बोथट होतो. आज निवडलेला टोन उद्या सकाळी पुन्हा ऐकावा. दोन-तीन दिवसांनीही तो वाजवावासा वाटला, तर तो आपला.

सभागृहातील कसोटी

घरच्या खोलीत सुरेख वाटणारा टोन स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर कुठल्या कुठे नाहीसा होतो, ही नेहमीची तक्रार आहे. तिची कारणे समजण्यासारखी आहेत.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखविले होते, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज फार कमी आणि वरचे स्वरही काहीसे कमी ऐकू येतात. म्हणून घरी हळू वाजविताना आपण बेस व ट्रेबल वाढवून ठेवतो. तोच टोन सभागृहात मोठा झाला, की खाली नुसती घरघर आणि वर बोचरेपणा उरतो. शिवाय रंगमंचावर आपण एकटे नसतो. खर्ज बास गिटार व ड्रम यांनी व्यापलेला असतो. वरचा भाग झांजा घेतात, ढोलकी असल्यास तिची कडक थापही तेथेच जाते. गिटारला मधली जागा तेवढी मोकळी राहते, आणि आपण घरी नेमका तोच भाग कापून आलेलो असतो. म्हणून टोन एकट्याने नव्हे, तर एखाद्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासोबत वाजवून आणि होईल तेवढ्या मोठ्या आवाजात ठरवावा. एकटा ऐकताना जो थोडा नाकात बोलल्यासारखा वाटतो, तोच टोन पुष्कळदा समूहात नीट उठून दिसतो. उलट, भावगीताला साथ करताना गायकाचा गळाही त्याच मधल्या जागेत असतो. तेव्हा मिडल व गेन दोन्ही उतरवून, थोडे मागे सरून वाजविणे हीच खरी साथ.

एक व्यवहारातली सूचना. पेटी लाऊडस्पीकरवाल्याच्या यंत्रणेला सरळ जोडणार असाल, तर पेटीतील स्पीकरची नक्कल चालू ठेवावी. नाहीतर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. पेटी गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडणार असाल तर ती नक्कल बंद करावी. कारण खरा स्पीकर तेथे असतोच.

नक्कल आणि आवड

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. थोर वादकाचा टोन हुबेहूब मिळत असेल तर तो का घेऊ नये? घ्यावा, अवश्य घ्यावा. शिष्य आधी गुरूची नक्कलच करतो. पण नक्कल करताना विचारावे, की यात मला नेमके काय आवडले? खर्जाचा भरीवपणा, की फाटण्याच्या सीमेवर थांबलेला गेन, की स्वर संपल्यावर उरणारी शांतता? हे उत्तर शब्दांत मांडता आले, की तो टोन सोडून दिला तरी चालतो. जे आवडले ते आपल्याजवळ राहते. यासाठी एक वही ठेवावी. ऐकलेल्या प्रत्येक टोनबद्दल दोन ओळी लिहाव्यात. काही महिन्यांनी ती वही चाळली, तर आपण पुन्हा पुन्हा कशाकडे वळतो ते स्पष्ट दिसते. आपली आवड म्हणतात ती हीच.

हेही विसरू नये, की त्या थोर वादकाचा टोन त्याच्या पेटीत जेवढा होता त्याहून अधिक त्याच्या बोटांत होता. तार कुठे छेडली, किती जोराने, किती वेळ धरून ठेवली, हे कोणत्याही पेटीत साठविता येत नाही. घोडीजवळ छेडले तर तीच गिटार तीक्ष्ण बोलते, गळ्याजवळ छेडले तर मऊ. बटणाला हात लावण्यापूर्वी हा हात हलवून पाहावा.

शेकडो टोनपैकी तीन ठेवावेत : एक स्वच्छ, एक फाटण्याच्या सीमेवरचा, एक भरदार. वर्षभर तेवढ्यांवरच वाजवावे. बाकीचे टोन कोठेही पळून जात नाहीत. रियाजाचे तास मात्र परत मिळत नाहीत. आणि वर्षाअखेर एखादा टोन बदलावासा वाटला, तर जरूर बदलावा. तोपर्यंत तो का बदलायचा, हे सांगण्याइतका आपला कान तयार झालेला असेल.